जामच्या पात्रावरचा गोटा आणि न दिसणारा चंद्र

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, श्रावणी अमावास्या सरून भाद्रपदाची प्रतिपदा लागते तेव्हा, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यास झेंडा बांधण्यात येतो, आणि तो हस्तगत करण्यासाठी दोन्ही काठांवरचे लोक एकमेकांवर गोटे फेकू लागतात. त्यावरूनच या जत्रेला ‘गोटमार’ हे नाव पडले. पांढुर्ण्याचा तरुण आणि सावरगावची तरुणी यांच्या प्रीतीची जी आख्यायिका या प्रथेच्या मुळाशी सांगतात, तिचा निवाडा इतिहासकारांनी करावा. मला येथे बोलायचे आहे ते त्या गोट्याविषयी. कारण हातातून सुटल्यापासून जमिनीला लागेपर्यंतच्या दोन-तीन सेकंदांत तो ज्या नियमांचे पालन करतो, त्याच नियमांवर आकाशातील ग्रहगोलांचा सारा व्यवहार चालतो.

समजा, कोणी पाव किलोचा गोटा सेकंदाला २० मीटर वेगाने, जमिनीशी पंचेचाळीस अंशांचा कोन करून भिरकावला. न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात मांडलेल्या पहिल्या नियमानुसार, बाहेरून कोणतेच बळ लागले नसते तर तो त्याच दिशेने, त्याच वेगाने अनंत काळ जात राहिला असता. परंतु हात सुटताक्षणीच पृथ्वीचे आकर्षण त्याला त्या सरळ रेषेपासून खाली खेचू लागते, आणि पहिल्या सेकंदाअखेर तो तिच्या ४.९ मीटर खाली आलेला असतो. हवेचा विरोध सोडून दिला, तर सुमारे दहा मीटर उंची गाठून, तीनएक सेकंदांत, चाळीस मीटरांवर तो खाली येतो. पोळ्याच्या सुमारास पांढुर्णा-सौंसरच्या संत्राबागांत आंबिया बहाराची फळगळ होते, तेव्हा देठ सुटलेले संत्रेही याच ओढीने मातीवर येते. फरक एवढाच की संत्र्याला आडवा वेग नसतो, म्हणून ते सरळ खाली पडते.

त्या गोट्याच्या मार्गात एखाद्याचे कपाळ आले, तर दुसऱ्या नियमाचा अंमल सुरू होतो. बळ म्हणजे संवेग बदलण्याचा दर. पाव किलोचा तो गोटा सेकंदाच्या दोनशेव्या भागात थांबला, तर कवटीवर येणारे सरासरी बळ शंभर किलो वजनाच्या भाराएवढे भरते, आणि तेही रुपयाएवढ्या जागेवर. प्रशासनाने गोट्यांच्या जागी रबरी चेंडू देऊन पाहिले होते, त्यामागे हेच शास्त्र होते: चेंडू हलका, शिवाय आदळल्यावर दबणारा, म्हणून थांबायला अधिक अवकाश घेणारा आणि पर्यायाने कमी बळ लावणारा. लोकांनी तो पर्याय मानला नाही. ज्या जत्रेत शेकडो माणसे जखमी होतात आणि ज्यात आजवर कित्येकांचे प्राणही गेले, तिच्याविषयी लिहिताना मला मनापासून वाटते की हा एवढा हिशेब तरी तिथल्या प्रत्येक शाळेत मुलांकडून करवून घ्यावा; श्रद्धेला तो बाधत नाही, आणि एखादे कपाळ वाचवू शकतो.

आता तोच गोटा अधिक जोराने फेकण्याची कल्पना करू. न्यूटनने स्वतः ही कल्पना उंच पर्वतावरच्या तोफेच्या रूपाने मांडली होती. वेग जितका वाढवावा तितका गोळा दूर पडतो. परंतु पृथ्वी गोल आहे, आठ किलोमीटर अंतरात तिचा पृष्ठभाग सुमारे पाच मीटर खाली वळतो, आणि एका सेकंदात वस्तूही जवळजवळ तेवढीच पडते. म्हणजे सेकंदाला ७.९ किलोमीटर वेग असलेला गोटा पडत राहील खरा, पण त्याच्या खालची जमीनही तेवढीच वळत जाईल. हवेचा आणि डोंगरांचा अडथळा नसता, तर तो पांढुर्ण्याहून सौंसरला चार सेकंदांच्या आत पोचला असता आणि सुमारे ८४ मिनिटांत पृथ्वीची प्रदक्षिणा पुरी करता. अखंड पडत राहणे आणि तरीही जमिनीला न लागणे, याचेच नाव कक्षा.

याहूनही विलक्षण गोष्ट पुढेच आहे. फेकलेल्या वस्तूचा मार्ग अन्वस्त असतो असे गॅलिलिओने दाखवले, आणि जत्रेपुरते ते अगदी पुरेसे आहे. पण काटेकोरपणे पाहता, हवा नसेल तर, जामवरून जाणारा प्रत्येक गोटा ज्या लंबवर्तुळाचा अंश आक्रमितो, त्याची एक नाभी पृथ्वीच्या केंद्रात असते. केप्लरने ग्रहांसाठी १६०९ साली सांगितलेली तीच आकृती! गोटा हा एक चिमुकला उपग्रहच होय. जमीन आडवी येते म्हणून त्याची प्रदक्षिणा अपुरी राहते, इतकेच.

पृथ्वी वस्तूंना आपल्याकडे ओढते, हे भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त सांगितले होते. न्यूटनचे कर्तृत्व हे की त्याने त्या ओढीचा हिशेब चंद्रापर्यंत नेऊन भिडवला. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून तिच्या साठ त्रिज्यांवर आहे. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात ओढ घटत असेल, तर तेथे ती ३६०० पटींनी क्षीण असली पाहिजे, म्हणजे चंद्र सेकंदाला सुमारे १.४ मिलिमीटर ‘पडला’ पाहिजे. त्याच्या सुमारे २७.३ दिवसांच्या प्रदक्षिणेवरून काढलेले उत्तरही तेवढेच येते. तिसऱ्या नियमानुसार चंद्रही पृथ्वीला तितक्याच बळाने ओढतो, आणि गोटाही. केवळ पृथ्वीच्या अफाट वस्तुमानामुळे गोट्याची ती ओढ आपल्या प्रत्ययास येत नाही.

हा मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशातच राहिला, आणि २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा व सौंसर वेगळे होऊन नवा जिल्हा झाला. गुरुत्वाकर्षणाच्या अंमलाला अशी सरहद्द नाही. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आणि मध्य प्रदेशाच्या आकाशातून जळते गोळे ओळीने सरकताना हजारो लोकांनी पाहिले, आणि चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे येऊन पडले. तो चिनी अग्निबाणाचा अवशेष असावा, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. कक्षेतील वस्तूचा वेग विरळ हवेच्या घर्षणाने खर्ची पडला, की तिचीही गत अखेर फेकलेल्या गोट्यासारखीच होते.

गोटमार प्रतिपदेची. अमावास्या नुकतीच सरलेली असल्याने त्या दिवशी चंद्र सूर्याच्या जवळच, त्याच्या तेजात लोपून, दिवसभर आकाशातच असतो. खाली जामच्या पात्रावर गोटे उडत असतात आणि त्यांच्या कितीतरी वर, कोणाच्याही ध्यानी न येता, तो एक गोटा पडत असतो. द्वितीयेच्या सायंकाळी, पात्रातले गोटे निपचित झालेले आणि घराघरांत जखमा बांधलेल्या असताना, पश्चिमेला त्याची बारीक कोर दिसते. पांढुर्ण्याच्या मुलांना कोणीतरी तेव्हा नदीकाठी उभे करून ती दाखवावी आणि सांगावे की, बाळांनो, कोणालाही न लागता पडत राहणारा गोटा तो पाहा.