जुन्या संगणकासाठी लिनक्स
विंडोज १० या संगणकप्रणालीचे नियमित मोफत साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-यंत्रणा आवश्यक ठरवली गेल्यामुळे, उत्तम चालणारे असंख्य संगणक निष्कारण कालबाह्य ठरले. अशा यंत्रांना लिनक्स हा खरा आधार आहे. हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहिलेले लिनक्स म्हणजे काटेकोर अर्थाने केवळ ‘कर्नल’, अर्थात यंत्राचे भाग आणि प्रोग्रॅम यांना जोडणारा गाभा. त्याभोवती सॉफ्टवेअर रचलेल्या उबुंटू, मिंट यांसारख्या संचांना ‘वितरण’ म्हणतात. असे वितरण पेनड्राइव्हवरूनच सुरू केले, तर हार्डडिस्कला हात न लावता वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर चालतात की नाही हे पारखता येते, आणि नवख्याची निम्मी भीती तिथेच सरते. मराठी लेखकाची अडचण मात्र वेगळी आहे: युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्सवर सहज चालतात, परंतु देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवणाऱ्या कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांतील मजकूर, तो फॉन्ट नसल्यास, निरर्थक रोमन चिन्हांची रांग होऊन समोर येतो. म्हणून स्थलांतरापूर्वी असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून त्याची प्रत बाह्य डिस्कवर अवश्य ठेवावी.