चाळीस एकर, एक विहीर आणि बंदुकीची पेटी

वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरातून पूर्वेला निघालेली मोटार पाऊण तासाच्या आत आयडाहो राज्यातल्या कोर डालेन गावी पोचते. अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. महामार्ग एकच, क्रमांक ९०. वाटेत राज्याची सीमा लागते, पण तिथे ना नाका, ना शिपाई. दोन्हीकडची पाइनची झाडे सारखीच, पेट्रोलपंपही सारखेच. मोटारीच्या डिकीत एआर-१५ जातीची रायफल असेल तर मात्र तिचे कायद्यातले स्थान या पन्नास किलोमीटरांत पालटते. अशा रायफलींची विक्री, निर्मिती आणि आयात वॉशिंग्टनने २०२३ साली बंद केली. ज्यांच्या घरी त्या आधीपासून होत्या, त्यांच्याकडून काढून घेतल्या नाहीत. त्यामुळे स्पोकेनचा रहिवासी आपली रायफल घेऊन आयडाहोत राहायला जाऊ शकतो. पण आयडाहोचा माणूस तीच रायफल घेऊन वॉशिंग्टनमध्ये बिऱ्हाड मांडायला आला, तर ती ‘आयात’ ठरते. तिच्यापुरता रस्ता एकेरी आहे.

या एकेरी रस्त्यावरून गेल्या काही वर्षांत बरीच बिऱ्हाडे गेली. २०१० ते २०२० या दशकात आयडाहोची लोकसंख्या १७.३ टक्क्यांनी वाढली. वाढीच्या वेगात फक्त युटा त्याच्या पुढे होते. येणाऱ्यांत कॅलिफोर्नियातले लोक पुष्कळ. सगळेच बंदुकीसाठी आले असे म्हणणे चुकीचे ठरेल. घरांच्या किमती, घरबसल्या करता येणारी नोकरी, निवृत्ती ही कारणे मोठीच आहेत. तरीही एका गटाच्या मनात बंदूक आणि जमीन या दोन गोष्टी एकत्रच येतात. जेम्स वेस्ली रॉल्स या लेखकाने २०११ साली या कल्पनेला ‘अमेरिकन रिडाउट’ असे नाव दिले. रिडाउट म्हणजे गढी. आयडाहो, मॉन्टाना, वायोमिंग आणि वॉशिंग्टन-ओरेगन यांचा पूर्वभाग ही त्या गढीची हद्द. संकट येण्याआधी समविचारी माणसांनी तिथे जमीन घेऊन राहावे, असे त्याचे सांगणे होते. गढीत न मावणारेही पुष्कळ आहेत. ‘आम्हाला आमच्यापुरते राहू द्या’, एवढीच त्यांची मागणी असते.

ही मागणी कितपत पुरी होते, हे पाहण्यासाठी हा लेख आहे. बंदुकीचा प्रश्न सीमा ओलांडताच बहुतांशी सुटतो. जमिनीचा त्यानंतर सुरू होतो.

आधी बंदुकीचे पाहू. अमेरिकेच्या राज्यघटनेतली दुसरी दुरुस्ती १७९१ सालची, अवघ्या सत्तावीस शब्दांची. शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे म्हटले ते २००८ साली. तो हक्क राज्यांनाही बांधील आहे हे २०१० साली, आणि घराबाहेर पिस्तूल बाळगण्यासाठी ‘खास कारण दाखवा’ अशी अट घालता येणार नाही हे २०२२ साली. तरीही राज्याराज्यांत जमीन-अस्मानाचा फरक उरला आहे. आयडाहोत २०१६पासून रहिवाशाला लपवलेले पिस्तूल परवान्याविना बाळगता येते. आज अर्ध्याहून अधिक राज्यांत तशी मोकळीक आहे. उलट, कॅलिफोर्नियात राहायला येणाऱ्याने साठ दिवसांत आपल्या बंदुकांची माहिती राज्याच्या न्याय खात्याला कळवावी लागते. कॅलिफोर्नियाची ही कडक वाट १९६७ साली सुरू झाली. ब्लॅक पँथर संघटनेचे कृष्णवर्णीय कार्यकर्ते भरलेल्या बंदुका उघडपणे घेऊन फिरू लागले, तेव्हा त्याला बंदी करणारा कायदा आला. त्यावर सही करणारा गव्हर्नर होता रोनाल्ड रेगन. आज कॅलिफोर्नियावर चिडून निघणाऱ्यांपैकी कित्येकांचे रेगन हे आराध्यदैवत आहे.

बिऱ्हाड हलवताना वाटेतली राज्ये हीही एक अडचण असते. त्यासाठी १९८६ साली संघराज्याने कायदा केला. बंदूक जिथून निघते आणि जिथे पोचते, त्या दोन्ही ठिकाणी ती बाळगणे कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांतून ती नेता येते. अट एवढीच, की ती रिकामी असावी आणि प्रवाशांच्या हाताशी नसावी. गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत असावी, आणि समोरचा खण ही पेटी धरली जात नाही. अट साधी दिसते, पण ती चालत्या गाडीपुरती आहे. युटाचा एक प्रवासी २००५ साली पेनसिल्व्हेनियाकडे निघाला होता. पुढचे विमान चुकल्यामुळे त्याला न्यू जर्सीत मुक्काम करावा लागला. सामान ताब्यात घेऊन तो हॉटेलात झोपला. सकाळी विमानतळावर त्याने नियमाप्रमाणे सामानातल्या पिस्तुलाची माहिती स्वतःहून दिली आणि तिथेच त्याला अटक झाली. खटला पुढे मागे घेतला गेला. पण त्याने भरपाईसाठी केलेला दावा अपील न्यायालयाने २०१० साली फेटाळला. रात्रभर पेटी त्याच्या हाताशी होती, म्हणून कायद्याचे संरक्षण त्याला नव्हते.

आपल्याकडच्या वाचकाला हे सारे उलटे वाटेल. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना आधी, बंदूक नंतर. आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला साधारणपणे दोनच. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असावे लागते, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. आयडाहोत जमीन घ्यायला सातबारावर आधी नाव असण्याची गरज नाही. कारण सातबाराच नाही. काउंटीच्या कचेरीत खरेदीखत नोंदवायचे, आणि मागच्या मालकांच्या साखळीत काही खोट निघाली तर भरपाई मिळावी म्हणून मालकीहक्काचा विमा उतरवायचा. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना लागू पडणारी एक गंमतही इथेच सांगतो. नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेला पुण्याचा अभियंता तिथे चाळीस एकर विकत घेऊ शकतो. पण संघराज्याच्या कायद्यानुसार त्याला बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा परवाना काढला तर येते.

चाळीस एकर हा आकडा मी सहज घेतलेला नाही. ग्रामीण जमिनीच्या जाहिरातींत चाळीस, वीस, दहा, पाच हेच आकडे पुन्हा पुन्हा दिसतात. त्याचे मूळ १७८५च्या जमीनविषयक वटहुकुमात आहे. पश्चिमेकडचा मुलूख सहा मैलांच्या चौकोनांत कापायचा, त्या प्रत्येकाचे एक चौरस मैलाचे छत्तीस तुकडे करायचे, असे ठरले. चौरस मैल म्हणजे ६४० एकर. त्याचा चतकोर १६० एकर. १८६२च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे कसणाऱ्याला दिला तो हाच. त्या चतकोराचा पुन्हा चतकोर म्हणजे चाळीस. ही मोजणी सहासष्ट फुटांच्या गंटर साखळीने झाली. आपला गुंठा तेहतीस फुटांचा चौरस आहे, म्हणजे बाजू त्या साखळीच्या बरोबर निम्मी. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो तो त्यामुळेच. नद्या, डोंगर, उतार काहीही असो, कागदावर रेघा सरळच मारल्या गेल्या. म्हणून आजही असा चाळीस एकराचा तुकडा मिळतो, ज्याला चारही बाजूंनी परक्याची जमीन आहे आणि वहिवाटीचा रस्ता कागदोपत्री कुठेच नाही.

मग पाणी. इथे नवागत खऱ्या अर्थाने अडतो. पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत पाण्याचा हक्क जमिनीबरोबर आपोआप येत नाही. ‘जो आधी आला त्याचा हक्क आधी’ हा नियम कॅलिफोर्नियातल्या सोने शोधणाऱ्यांच्या छावण्यांत जन्मला आणि पुढे पश्चिमेचा कायदा झाला. प्रत्येक हक्काला तारीख असते. दुष्काळ पडला की नव्या तारखेवाल्याचे पाणी आधी बंद. आयडाहोत घरगुती वापराच्या बोअरवेलला सवलत आहे: दिवसाला तेरा हजार गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारे एकोणपन्नास हजार लिटर, आणि त्यातून जास्तीत जास्त अर्ध्या एकराचे भिजवण. घराला हे पुष्कळ झाले. पण चाळीस एकर घेऊन स्वतःचे धान्य स्वतः पिकवायचे स्वप्न पाहणाऱ्याच्या साडेएकोणचाळीस एकरांना वेगळा हक्क लागतो. तारखेचा अर्थ काय, ते मे २०२४मध्ये दिसले. राज्याच्या जलखात्याने पूर्वेकडच्या स्नेक नदीच्या पठारावर १९५४नंतरच्या तारखांच्या भूजल हक्कांवर उपसाबंदीचा हुकूम काढला. पाच लाख एकर जमीन त्याखाली येत होती. पुढे काही आठवड्यांत तडजोड झाली. पण सत्तर वर्षे जुनी तारीख ज्या मुलखात ‘नवी’ ठरते, तिथे परवा आलेल्या माणसाने काय म्हणावे?

जमिनीखाली काय आहे, हाही वेगळाच हिशेब. १९१६च्या कायद्याने गुरे पाळण्यासाठी दिलेल्या ६४० एकरांत खनिजांचा हक्क सरकारने स्वतःकडे ठेवला होता. त्या जमिनींच्या आजच्या मालकांनाही पृष्ठभागच मिळतो. कुंपणाचे उदाहरण आणखी मजेदार आहे. मोकळ्या चराईच्या भागात शेजाऱ्याची गाय तुमच्या भाजीत शिरली तर दोष तिचा नाही. ती नको असेल तर कुंपण तुम्ही घालायचे. अशा नवागतांच्या तक्रारींना कंटाळून १९९०च्या दशकात कोलोरॅडोतल्या लॅरिमर काउंटीच्या एका लोकनियुक्त पदाधिकाऱ्याने एक पुस्तिका लिहिली. रुग्णवाहिका यायला वेळ लागेल, मातीच्या रस्त्याची धूळ उडणारच, शहरातल्या सोयी इथे मिळणार नाहीत, अशा सूचना तिच्यात आहेत. पश्चिमेकडच्या अनेक काउंट्यांनी तिच्या आवृत्त्या काढल्या. बंदुकीवर वाद घालणाऱ्या ढीगभर लिखाणापेक्षा ही पुस्तिका मला अधिक शहाणपणाची वाटते.

खुद्द बंदुकीलाही जमीन आडवी येते. आयडाहोत शहरांना किंवा काउंट्यांना बंदूक बाळगण्यावर स्वतःचे निर्बंध घालता येत नाहीत. पण मोठ्या रँचचे पाच-पाच, दहा-दहा एकरांचे तुकडे पाडून विकणारा विकासक खरेदीखताला नियमावली जोडतो, आणि ‘या वसाहतीत गोळी झाडायची नाही’ असे कलम तिच्यात असू शकते. सरकारने दिलेली मोकळीक खासगी करार काढून घेतो, आणि न वाचता सही करणाऱ्याची तक्रार कोणी ऐकत नाही. शिकारीचेही तसेच. आयडाहोत रहिवाशाच्या दराने परवाना मिळायला सहा महिने वास्तव्य लागते, मॉन्टानात १८० दिवस. मॉन्टानातल्या फ्लॅटहेड आरक्षित क्षेत्रात तर गोष्ट आणखी पुढे जाते. सेलिश आणि कूटने जमातींची ही भूमी १९१०मध्ये गोऱ्या वसाहतकऱ्यांना खुली केली गेली, त्यामुळे तिथे बाहेरच्यांच्या खासगी मालकीची पुष्कळ जमीन आहे आणि ती विकलीही जाते. पण हरणासारख्या मोठ्या प्राण्यांची शिकार तिथे फक्त जमातीच्या सदस्यांनी करायची. नवा मालक आपल्याच कुरणातले हरीण खिडकीतून पाहू शकतो.

एकटे राहायला गेलेल्या माणसाची गोष्ट निघाली की रूबी रिजचे नाव येतेच. रँडी वीव्हर १९८३ साली आयोवाहून बायकामुलांसह उत्तर आयडाहोत आला आणि वीस एकरांवर त्याने हाताने घर बांधले. त्याचा वावर वर्णवर्चस्ववाद्यांच्या मेळाव्यांत होता, हे लपवण्याचे कारण नाही. पण सरकारचे लक्ष त्याच्याकडे प्रथम गेले ते जमिनीच्या एका किरकोळ व्यवहारावरून. शेजारी त्याच्याविरुद्धचा दावा हरला आणि त्याने तपासयंत्रणांना पत्रे लिहिली. पुढे १९८९मध्ये वीव्हरने नळी कापलेल्या दोन शॉटगन सरकारी खबऱ्याला विकल्या. नळी अठरा इंचांहून आखूड झाली की १९३४च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. न्यायालयात हजर राहण्याची तारीख २० फेब्रुवारी होती, त्याला गेलेल्या पत्रात मात्र २० मार्च लिहिले होते. तो गेला नाही, वॉरंट निघाले. ऑगस्ट १९९२मध्ये अकरा दिवसांच्या वेढ्यात त्याचा चौदा वर्षांचा मुलगा, एक सरकारी अधिकारी आणि तान्हे मूल कडेवर घेतलेली त्याची बायको असे तिघे मेले. ज्यूरीने वीव्हरला खुनाच्या आरोपातून सोडले. सरकारने १९९५मध्ये कुटुंबाला एकतीस लाख डॉलर दिले. या घटनेतून बंदूकवाले एक धडा काढतात, त्यांचे विरोधक दुसरा. मला मात्र त्यातला तो शेजारी विसरता येत नाही.

आणखी एक गोष्ट कमी बोलली जाते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, आणि मॉन्टाना, वायोमिंग ही राज्ये आत्महत्येच्या दरात वर्षानुवर्षे अगदी वरच्या स्थानी आहेत. लांबलेला हिवाळा, दूरचा दवाखाना आणि हाताशी असलेली बंदूक. माणूस चोराच्या भीतीने शस्त्र घेऊन रानात जातो. त्या घरात धोका बहुधा बाहेरून येत नाही. २००९ साली न्यू हॅम्पशायरमध्ये आठवड्याच्या आत तीन जणांनी एकाच दुकानातून बंदूक घेऊन काही तासांत जीव दिला. त्यानंतर तिथल्या दुकानदारांनीच आरोग्य कार्यकर्त्यांबरोबर बसून खचलेले गिऱ्हाईक कसे ओळखावे, याची पत्रके तयार केली. कायदा न बदलता, गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाच्या नजरेवर विसंबून केलेला हा उपाय पुढे इतर राज्यांनीही उचलला.

आणि रस्ता. अशा तुकड्यांकडे जाणारी वाट बहुधा काउंटीची नसते. तिच्यावरचा बर्फ सरकार काढत नाही. कर्ज देणारी बँक पुष्कळदा वाटेवरच्या सगळ्या मालकांनी केलेला देखभालीचा करार मागते: खडी कोण टाकणार, बर्फ काढणाऱ्या ट्रॅक्टरचे पैसे कोण देणार, मोरी वाहून गेली तर वर्गणी किती. एकांतासाठी आलेला नवा मालक नोव्हेंबर लागायच्या आत हा कागद घेऊन एकेका शेजाऱ्याच्या दारी जातो. जाताना झाडांच्या बुंध्यांवर नारिंगी रंगाचे पट्टे दिसतात. ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’ असा त्यांचा अर्थ. म्हणून तो फाटकाशीच गाडी थांबवतो आणि हॉर्न वाजवतो.