सॉफ्टवेअर टेस्टिंगची पहिली नोकरी – भाग ४ : एक हेक्टर पाच आर

टेस्ट केस कशी लिहायची ते मागच्या भागात पाहिलं. जिंतूर-सेलूकडच्या पदवीधराची गाडी अडते ती त्यापुढे. पुण्यातली कंपनी अनुभव विचारते आणि याच्याजवळ असतं क्लासचं प्रमाणपत्र. माझं ठाम मत आहे की मुलाखतीत त्या प्रमाणपत्रापेक्षा नीट लिहिलेले चार बग रिपोर्ट जास्त बोलतात. ते लिहायला लागणारी माहिती परभणीच्या मुलाकडे घरातच असते.

सातबारा घ्या. त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि १०० आर म्हणजे एक हेक्टर. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, तेव्हापासून शेतकरी पिकाची नोंद स्वतःच्या मोबाइलवर करू लागला. आता समजा, अशाच एखाद्या ॲपमध्ये क्षेत्रासाठी एकच रकाना आहे. वडिलांची जमीन एक हेक्टर पाच आर. ते सहज १.५ लिहितात. लिहायला हवं होतं १.०५. ॲप मुकाट्याने १ हेक्टर ५० आर धरतं. म्हणजे ४५ आर जास्त, एकरापेक्षाही अधिक! पुढे विम्याच्या अर्जातलं क्षेत्र सातबाराशी जुळत नाही आणि हेलपाटे सुरू होतात.

प्रोग्रामर म्हणेल, गणित बरोबर आहे. खरंच आहे. तरीही हा दोष आहे, आणि तो का दोष आहे हे बांधावर उभं राहिलेला माणूसच पटवून देऊ शकतो. रिपोर्ट असा लिहा. शीर्षक : ‘क्षेत्र १.५ भरल्यास खात्री न करता १ हेक्टर ५० आर जतन होते’. मग काय काय केलं ते क्रमाने, काय घडलं, काय घडायला हवं होतं (जतन करण्याआधी क्षेत्र अक्षरांत दाखवावं), आणि स्क्रीनशॉट. आरचा रकाना वेगळा असेल तर ०, ९९, १०० आणि उणे १ भरून पाहायचं. देवनागरी ‘५’ टाकला तर काय होतं, तेही.

मात्र सरकारी ॲपवर खोट्या नोंदी करून सराव करू नका. अशा टेस्ट केस वहीत लिहा. सरावासाठी फायरफॉक्स किंवा लिबरऑफिस घ्या. त्यांच्या बगझिलावर कुणालाही दोष नोंदवता येतो आणि त्या नोंदीची लिंक बायोडेटात देता येते. मराठीतली एक जागा सुचवतो. ‘सुऱ्या’मधला ऱ्य युनिकोडमध्ये दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. दिसायला दोन्ही सारखे, पण एका पद्धतीने शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला शब्द सापडतो का, ते तपासा.

आयएसटीक्यूबीची पायाभूत परीक्षा नंतर दिली तरी चालेल. ४० प्रश्न, ६० मिनिटं, उत्तीर्ण व्हायला २६ गुण. पैसे घेऊन बनावट अनुभवपत्र देणारे भेटतील, त्यांच्या वाटेला अजिबात जाऊ नका. कंपन्या भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींवरून जुनी नोकरी पडताळतात. तिथे खोटं उघडं पडलं तर मिळालेली नोकरीही जाते.

पुढच्या भागात एसक्यूएल. त्यासाठी मोबाइल पुरणार नाही, कॉम्प्युटरची सोय करून ठेवा.