शेवटची गुंगी आणि घरच्यांच्या मनातला सल

"शेवटी इंजेक्शन देऊन झोपवलं, म्हणून गेले." कर्करोगाने गेलेल्या माणसाच्या जलदान विधीला ही कुजबुज आम्ही अनेकदा ऐकली आहे. कागदावर सही केलेली असते पत्नीने किंवा मुलाने. ते वाक्य त्यांची पाठ वर्षानुवर्षे सोडत नाही. रुग्णालयात धावपळ करणारे, फॉर्म वाचून दाखवणारे आपल्या वस्तीतले तरुणच असतात, म्हणून त्यांना तरी हा उपचार नीट माहीत हवा.

शेवटच्या दिवसांत काही रुग्णांचा त्रास कशानेच आटोक्यात येत नाही. मॉर्फिन देऊनही वेदना थांबत नाहीत, ऑक्सिजन लावूनही धाप कमी होत नाही, किंवा भ्रम होऊन रात्रभर तगमग चालते. सगळे उपाय थकले की पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर जाणीव कमी करणारे औषध सुचवतात, बहुधा मिडाझोलम. लहान मात्रेने सुरुवात होते आणि त्रास शमेल इतकीच ती वाढवतात. काहींना हलकी गुंगी पुरते, काहींना गाढ झोपवावे लागते. इथे मात्रा ठरते ती त्रास पाहून. जीव जावा म्हणून इंजेक्शन देणे ही वेगळी गोष्ट, आणि आपल्या देशात तो गुन्हा आहे. इटलीत अशी गुंगी दिलेल्या आणि न दिलेल्या रुग्णांची तुलना करणारा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात गुंगीमुळे आयुष्य घटल्याचे दिसले नाही.

घरच्यांना मात्र आकड्यांपेक्षा वेगळेच काही छळते. आई अखेर शांत झोपली म्हणून सुटल्यासारखे वाटते आणि लगेच त्या वाटण्याचीच लाज वाटते. मग कुणीतरी विचारते, "उपाशी मारताय का?" खरे तर भूक औषधाच्या आधीच मंदावलेली असते, शरीर अन्न मागेनासे झालेले असते. सगळ्यात मोठा सल असतो तो बोलायचे राहून गेल्याचा. गाढ गुंगी सुरू झाली की संवाद बहुधा परत येत नाही. हे कुणी आधी सांगतच नाही. व्हरांड्यात पाच मिनिटे बोलणे, इंग्रजी कागद, सही. गावाहून निघालेली मुलगी पोहोचेपर्यंत थांबता येईल का, हे विचारायचे त्या घाईत कुणाला सुचत नाही. आमच्या मते खरी जखम इथे होते.

आता धम्माचा प्रश्न. पहिल्या शीलाचा भंग होतो का? तथागतांनी चेतनेला, म्हणजे हेतूला कर्म म्हटले आहे. इथे हेतू वेदना शमवण्याचा आहे. पाचवे शील प्रमादाला कारण होणाऱ्या मद्याबद्दल आहे, आजाऱ्याच्या औषधाबद्दल नाही. आजारी भिक्खूला विनयानेही औषधाची मोकळीक दिली आहे. अखेरच्या क्षणी चित्त जागे असावे, ही शंका जास्त अवघड. थेरवादी परंपरेत त्या चित्ताला महत्त्व आहे आणि एखाद्या उपासकाने "मला जागे राहू द्या" असे आधीच सांगितले असेल, तर ते पाळलेच पाहिजे. पण भ्रमात नळ्या ओढणाऱ्या, लेकराला न ओळखणाऱ्या माणसात आपण कोणती स्मृती शोधणार? आणि "मागच्या जन्मीचे भोग आहेत, भोगू द्या" हे तर आपल्या वस्तीत ऐकूच येऊ नये. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वकर्माच्या कल्पनेची चिकित्सा करून ती नाकारली आहे, तरी ते ऐकू येते.

सहीआधी मराठीत विचारा: नेमका कोणता त्रास थांबत नाही, काय काय करून पाहिले, गुंगी हलकी ठेवता येईल का, वेदनेचे औषध चालू राहील ना. जमलेच तर एक तास मागून घ्या. ज्याला जे बोलायचे ते बोलू द्या, रुग्णाची इच्छा असेल तर त्रिसरण-पंचशील म्हणा. नंतरही ओल्या कापसाने ओठ भिजवणे, कूस बदलणे, हात धरून बसणे ही कामे घरच्यांचीच असतात. त्याला ऐकू येत असेल असे धरूनच खोलीत बोला.