तुम्ही रेंगाळा, शत्रू हुशार होतो
क्रिस क्रॉफर्ड यांनी १९८१ साली अटारी संगणकासाठी ‘ईस्टर्न फ्रंट १९४१’ हा युद्धखेळ लिहिला. जॉयस्टिकने जर्मन तुकड्या हलवायच्या. रशियाची बाजू संगणक सांभाळणार. थंडी पडली की नकाशा पांढरा होई, नद्या गोठत. खरी कमाल मात्र आत होती. पडद्यावरचे चित्र सेकंदाला साठेक वेळा नव्याने उमटे. दोन चित्रांमधल्या फटीत जॉयस्टिकचे काम उरके आणि उरलेला सगळा वेळ प्रोसेसर रशियाचे डाव सुधारत बसे. खेळाडू जितका रेंगाळेल, तितका शत्रू तरबेज! त्याच विषयावरच्या २०१० च्या ‘वॉर इन द ईस्ट’ या खेळात हजारो तुकड्या आणि रसदीचा बारीकसारीक हिशेब आहे, अभ्यासूंना तो हवाच. पण इवल्याशा मेमरीत बसवलेली ती युक्ती मला आजही जास्त थक्क करते.