वेबसाइटची शीव

शीव म्हणजे हद्द, गावाची वेस. मुंबई जिथे संपायची आणि खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी सुरू व्हायची, तिथल्या शीवच्या (सायनच्या) टेकडीवर इंग्रजांनी १६६९ ते १६७७ या काळात गव्हर्नर जेरार्ड आँजियरच्या अमदानीत किल्ला बांधला. टेकडी फार उंच नाही, किल्लाही लहानसाच. पण पलीकडून कोण येतंय हे वेळेत दिसावं, एवढ्यासाठी तो तिथे हवाच होता.

आज याच परिसरातले क्लास, दवाखाने, केटरर, साड्यांची दुकानं, धर्मादाय ट्रस्ट आपापली वेबसाइट चालवतात. त्या वेबसाइटलाही हद्द असते. ती आपल्या ताब्यात आहे का, हे मात्र अनेक मालकांनी कधी पाहिलेलंच नसतं.

सुरुवात नावापासून करावी. डोमेन, म्हणजे डॉट कॉम किंवा डॉट इनने संपणारं वेबसाइटचं नाव, कायमचं विकत मिळत नाही. ते एक ते दहा वर्षांच्या मुदतीने नोंदवावं लागतं आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावं लागतं. होतं असं, की ओळखीतला एखादा मुलगा हौसेने साइट बनवून देतो. नोंदणी करताना तो आपलाच ईमेल टाकतो, आपलंच कार्ड वापरतो. यात त्याच्या मनात काही वाईट नसतं. पुढे तो नोकरीसाठी बंगळुरूला जातो, नंबर बदलतो. सोसायटीत फ्लॅट आपला, पण शेअर सर्टिफिकेटवर नाव भलत्याचं, अशी ही गत. म्हणून रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, खात्यात शिरून तीन गोष्टी पाहाव्यात: नोंदणी कुणाच्या नावावर आहे, ईमेल आणि मोबाइल कुणाचा आहे, मुदत कधी संपते. एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिथे दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. मुदत संपून डोमेन बंद पडलं, की तो ईमेलही बंद पडतो आणि पैसे भरण्याची स्मरणपत्रं कुणापर्यंत पोहोचतच नाहीत.

ही चूक फक्त लहान दुकानदार करतात असं नाही. डिसेंबर १९९९मध्ये मायक्रोसॉफ्टकडून हॉटमेल या आपल्या ईमेल सेवेच्या लॉगिनला लागणाऱ्या पासपोर्ट डॉट कॉम या डोमेनचं शुल्क भरायचं राहून गेलं आणि ऐन नाताळात हॉटमेलच्या अनेक ग्राहकांना आपल्या पेटीत शिरता येईना. बिल होतं ३५ डॉलरचं. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या एका प्रोग्रॅमरने ते स्वतःच्या कार्डावरून भरलं, तेव्हा गाडी रुळावर आली. प्रत्येक वेळी असा भला माणूस भेटत नाही. डॉट कॉमच्या बाबतीत मुदत संपल्यावर साधारणपणे ४५ दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, त्यानंतर ३० दिवस जादा दंड भरून नाव सोडवता येतं, आणखी पाच दिवसांनी ते कुणालाही घेता येतं. अशा सुटलेल्या नावांवर डोळा ठेवून बसलेले लोक असतात. वर्षानुवर्षं ग्राहकांनी जो पत्ता लक्षात ठेवला, त्या आयत्या बिळावर मग भलताच नागोबा येऊन बसतो.

दुसरी हद्द दाराची. सप्टेंबर २००७मध्ये महाराष्ट्र शासनाच्या अधिकृत वेबसाइटवर हल्ला झाला. शासननिर्णय, परिपत्रकं, खात्यांची माहिती असलेली ही साइट बंद पडली. तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी ते जाहीरपणे मान्य केलं. साइटला फायरवॉलच नव्हती, ही गोष्ट तेव्हाच्या बातम्यांमधून पुढे आली. जवळपास १५ वर्षांनी, जून २०२२मध्ये, ठाणे पोलिसांच्या वेबसाइटवर हल्लेखोरांनी आपला मजकूर झळकवला. हे वाचून एखाद्या केटररला वाटेल, आपल्या मेनूकार्डात कुणाला रस असणार? हा समज सोडून द्यायला हवा. बहुतेक हल्ले माणूस निवडून करत नाही, यंत्र सरसकट करतं. जगातल्या दर दहा वेबसाइटपैकी चारांहून अधिक वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर चालतात. अशा कोणत्याही लहान साइटचा सर्व्हर-लॉग उघडून पाहावा. पहाटे तीनला, दुकानाचं शटर बंद असताना, लॉगिनच्या पानावर ओळीमागून ओळ धडका दिसतात. दर दोन-चार सेकंदांनी एक, आणि दर वेळी पत्ता वेगळ्याच देशातला. धडका मारणारं यंत्र युजरनेम 'ॲडमिन' धरून चालतं आणि पासवर्डच्या जागी दुकानाचं नाव, त्यापुढे १२३, मग चालू वर्ष असं काही ना काही लावून बघतं.

म्हणून 'ॲडमिन' हे नाव ठेवू नये, पासवर्ड लांबलचक आणि दुसरीकडे कुठेही न वापरलेला असावा, आणि मोबाइलवरच्या कोडची दुसरी कडी लावावीच. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती त्याच दिवशी बंद करावीत.

तरीही खिडकी उघडी राहतेच, ती प्लगिनची, म्हणजे साइटला वरून जोडलेल्या जादा सोयींची. सप्टेंबर २०२०मध्ये 'फाइल मॅनेजर' या प्लगिनमध्ये एक भोक सापडलं. हे प्लगिन सात लाखांहून अधिक साइटवर बसवलेलं होतं. त्या भोकातून पासवर्डशिवाय सर्व्हरवर हवी ती फाइल चढवता येत होती. दुरुस्ती तातडीने आली, पण अपडेटचं बटण दाबायचं काम शेवटी मालकाचंच. न लागणारी प्लगिन नुसती बंद न ठेवता काढून टाकावीत. पैसे वाचवायला फुकटात मिळालेली चोरीची थीम तर मुळीच बसवू नये, कारण चोरवाट पुष्कळदा तिच्यातच आधीपासून ठेवलेली असते.

घुसखोरी झाली तरी ती मालकाला दिसेलच असं नाही. काही घुसखोर अशी व्यवस्था करतात, की थेट पत्ता टाकून येणाऱ्याला साइट नेहमीसारखी दिसते, गुगलवरून येणाऱ्याला मात्र बनावट औषधांच्या किंवा जुगाराच्या जाहिराती. हे पकडायला सोपा उपाय आहे. गुगलमध्ये इंग्रजीत 'साइट' हा शब्द, पुढे अपूर्णविराम आणि जागा न सोडता आपलं डोमेन टाकावं. पुरणपोळीच्या दुकानाच्या नावाखाली जपानी अक्षरांतली पानं दिसली, तर समजावं की कुणीतरी आत आहे.

ब्राउझरमधला 'सुरक्षित नाही' हा शिक्का काढायला मात्र आता पैसे घालवायची गरज नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था प्रमाणपत्र फुकट देते. ते आपोआप नवं होतंय ना, एवढं पाहावं.

सगळ्यात जास्त हळहळ होते ती बॅकअपची. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग इथे ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या आवारात आग लागली आणि सर्व्हरची पाच मजली इमारत जळून गेली. लाखो साइट बंद पडल्या. काही ग्राहकांनी बॅकअप घेतलाही होता, पण तो त्याच आवारात होता. याच परिसरातल्या, पावसात पाणी तुंबणाऱ्या गांधी मार्केटच्या दुकानदारांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. हिशेबाची वही आणि तिची झेरॉक्स एकाच दुकानाच्या खालच्या खणात ठेवली, तर तुंबलेलं पाणी दोन्हींचा लगदा करतं. होस्टिंग कंपनी ठेवते ती प्रत त्याच खणातली समजावी. फाइली आणि डेटाबेस, दोन्हींची एक प्रत दुसऱ्या कंपनीच्या क्लाउडवर आणि एक घरच्या हार्डडिस्कवर असावी. वर्षातून दोनदा तरी त्या प्रतीवरून साइट उभी करून पाहावी. पुष्कळांना प्रत अर्धवट असल्याचं कळतं ते साइट गेल्यावर, आणि तेव्हा विहीर खणायला वेळ नसतो.

एवढं करूनही हल्ला झालाच, तर घाईघाईने सगळं पुसू नये. आहे त्या अवस्थेची प्रत काढावी, होस्टिंग कंपनीकडून लॉग मागून घ्यावेत, सगळे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून बदलावेत आणि मगच जुन्या चांगल्या प्रतीवरून साइट उभी करावी. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा, एरवी केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवावी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६नुसार या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

चहा होईपर्यंत रजिस्ट्रारच्या खात्यात लॉगिन करून डोमेन कुणाच्या नावावर आहे ते बघा. लॉगिन कुणाकडे आहे हेच आठवत नसेल, तर ज्याने साइट बनवून दिली होती त्याला आजच फोन करा.