जास्तीची नाणी

गेममधली नाणी कमी झाली की खेळाडू पाच मिनिटांत तक्रार करतो. वाढली तर कुणी ब्र काढत नाही. त्यामुळे फुकट नाणी वाटणारा बग तक्रारीतून क्वचितच कळतो, तो हिशेबात पकडावा लागतो. सिल्वासात माझ्या मावसभावाच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून मी असा एक बग पकडताना आणि मग निस्तरताना पाहिला. पकडणं एका संध्याकाळीच झालं. निस्तरणं बरंच लांबलं.

सिल्वासा म्हटलं की लोकांना पिपरिया, मसाटचे कारखाने आठवतात. भावाचे वडील, म्हणजे माझे काका, तिथल्याच एका पॉलिस्टर यार्नच्या कारखान्यात अकाउंट्स सांभाळून निवृत्त झाले. मुलगा घरात बसून पुण्यातल्या एका कंपनीचा सर्व्हर सांभाळतो. गाड्यांच्या शर्यतीचा मोबाइल गेम आहे. शर्यत जिंकली की सोन्याची नाणी मिळतात, त्यातून टायर, रंग, नवी गाडी घ्यायची. घाई असेल तर यूपीआयने पैसे भरून नाणी विकत घ्यायची. आणि मित्राकडे नाणी कमी असतील तर त्याला भेट पाठवायची. बग या भेटीत होता.

पाळी सुटायच्या वेळेला खेळणाऱ्यांची गर्दी वाढते. त्या सुमारास त्याच्याकडे दर तासाला एक ताळेबंद येतो. शर्यती, बक्षिसं आणि खरेदी यांतून आजवर किती नाणी तयार झाली, टायर-रंगांवर किती खर्च होऊन नाहीशी झाली, आणि सगळ्या खेळाडूंच्या पाकिटांत मिळून किती आहेत. पहिल्यातून दुसरं वजा केलं की तिसरं आलं पाहिजे. भेटींचा या बेरजेवर काहीच परिणाम व्हायला नको, कारण एकाची नाणी दुसऱ्याकडे जातात एवढंच. त्या दिवशी पाकिटांतली बेरीज जास्त भरत होती आणि फरक तासागणिक वाढत होता.

भावाने कोडला हात लावला नाही. आधी भेटीचं बटण सगळ्यांसाठी बंद केलं. त्यासाठी वेगळा स्विच ठेवलेला असतो, गेमचं नवं व्हर्जन काढावं लागत नाही. “दादा, आधी गळती थांबवायची. कारण सावकाश शोधता येतं,” तो म्हणाला. मोठमोठ्या कंपन्याही हेच करतात. नोव्हेंबर २०२१मध्ये अमेझॉनच्या ‘न्यू वर्ल्ड’ या गेममध्ये सोनं दुप्पट करायची युक्ती पसरली, तेव्हा कंपनीने खेळाडूंमधली सोन्याची सगळी देवाणघेवाणच तात्पुरती बंद करून टाकली होती.

मग नोंदी उघडल्या. प्रत्येक भेटीला एक लांबलचक क्रमांक असतो. त्याने एक क्रमांक उचलून शोधला, तर पडद्यावर तीन ओळी आल्या. देणाऱ्याच्या नावे ५००. घेणाऱ्याला जमा ५००. आणि काही सेकंदांनी, त्याच क्रमांकावर, घेणाऱ्याला पुन्हा जमा ५००. दिले एकाने पाचशे, मिळाले दुसऱ्याला हजार.

कारण शोधताना त्याने माझ्यापुढे कागदावर बाण काढले. खेळाडू ‘पाठवा’ दाबतो, फोन सर्व्हरला निरोप देतो आणि उत्तराची वाट बघतो. खानवेलकडे असते तशी येणारी-जाणारी रेंज असली की उत्तर वेळेत पोचत नाही. फोनला वाटतं निरोप गेलाच नाही, म्हणून तो आपणहून पुन्हा पाठवतो. यात गैर काही नाही. दुसऱ्यांदा आलेला निरोप सर्व्हरला ओळखू आला पाहिजे, एवढंच. नाणी वजा करणारा भाग तो ओळखत होता, म्हणून देणाऱ्याचे एकदाच कापले गेले. जमा करणारा भाग वेगळा होता, नुकताच नव्याने लिहिलेला. तो येईल तो निरोप नवा समजून नाणी टाकत होता.

एवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. बग हुकमी घडवता आला तरच तो समजला असं धरायचं, हा या कामातला नियम. त्याने चाचणीच्या सर्व्हरवर उत्तर मुद्दाम अडवून ठेवलं, फोन जेवढी वाट बघतो त्याहून थोडं जास्त. टेबलावर दोन फोन ठेवले, एकावरून भेट पाठवली. क्षणभर चक्र फिरलं. दुसऱ्या फोनवर आकडा पाचशेने वाढला आणि आम्ही बघत असतानाच पुन्हा पाचशेने वाढला.

दुरुस्ती मात्र मोजक्या ओळींची. जमेच्या तक्त्यात एका भेट-क्रमांकाची एकच नोंद बसेल असं बंधन डेटाबेसवरच घातलं. दुसरी आली तर डेटाबेस ती नाकारणार आणि सर्व्हर फोनला पहिलंच उत्तर परत देणार: भेट पोचली. हे बंधन कोडमध्ये ‘आधी बघा, मग लिहा’ अशा पद्धतीने घालून भागत नाही. दोन निरोप एकाच क्षणी आले तर दोघांनाही तक्ता रिकामाच दिसतो आणि दोघेही लिहून मोकळे होतात.

नाण्यांचे बहुतेक बग असेच साधे दिसणारे असतात. एक गाजलेलं उदाहरण मे २०१३मधलं, ब्लिझार्डच्या ‘डायब्लो ३’चं. त्या गेममध्ये खऱ्या पैशांत सोनं विकायचं लिलावघर होतं. १.०.८ या अपडेटमध्ये विक्रीच्या एका गठ्ठ्याची मर्यादा १० लाखांवरून १ कोटीवर नेली. त्यामुळे एका वेळी विक्रीला लावायचा आकडा इतका मोठा होऊ लागला की ३२ बिटांच्या संख्येत तो मावेना. अशा संख्येची कमाल २,१४,७४,८३,६४७. त्यापुढे गणित कोलमडतं. लिलाव रद्द केला की लावल्यापेक्षा जास्त सोनं परत मिळायचं. बदल म्हणजे मर्यादेतलं एक शून्य, आणि लिलावघर बंद ठेवायची वेळ आली.

ब्लिझार्डपुढे जो प्रश्न आला तोच दुसऱ्या दिवशी भावाच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये आला. सगळा गेम बग येण्याआधीच्या स्थितीवर मागे न्यायचा का? सोपं वाटतं, पण त्यात प्रामाणिक खेळाडूने मधल्या काळात जिंकलेल्या शर्यतीही पुसल्या जातात आणि रुपये मोजून घेतलेली नाणीही. ब्लिझार्डने मागे जायचं टाळलं, खाती तपासून गैरफायदा घेणाऱ्यांवर कारवाई केली. पुण्याच्या मीटिंगमध्येही तेच ठरलं.

खरं काम इथून पुढे होतं. दुप्पट जमा झालेल्या भेटींची यादी काढली तेव्हा दोन प्रकारची माणसं वेगळी दिसू लागली. बहुतेकांना एखाद-दुसरी भेट दुप्पट मिळाली होती आणि त्यांच्या ते गावीही नव्हतं. मूठभर खात्यांचा नमुना मात्र निराळा होता. तीच दोन खाती एकमेकांना भेटी पाठवत होती, रक्कम दर वेळी मोठी होत होती आणि प्रत्येक वेळी फोनचं नेट नेमकं त्याच क्षणी तुटत होतं. रेंज इतकी शिस्तीत जात नाही.

पहिल्यांदा मिळालेलं आणि दुसऱ्यांदा मिळालेलं, यांतलं कुठलं नाणं खोटं, हे पाकिटात बघून सांगता येत नाही. त्यातून काहींनी ती खर्चही केली होती. सरळ वजा केली तर एखाद्या शाळकरी पोराचं पाकीट उणे चारशेवर गेलं असतं. शेवटी असं ठरलं: नकळत मिळालेल्या लहान रकमा सोडून द्यायच्या, मोठ्या परत घ्यायच्या पण पाकीट शून्याखाली न्यायचं नाही, आणि मुद्दाम केलेल्यांची नाणी आणि त्यातून घेतलेल्या गाड्या दोन्ही काढून घ्यायच्या.

काढून घ्यायचं कसं, यावर भावाच्या एका सहकाऱ्याने सुचवलं की पाकिटातला आकडा थेट बदलू या. काका शेजारच्या खोलीतून ऐकत होते. मीटिंग संपल्यावर ते आत आले आणि म्हणाले, “वहीत खाडाखोड करायची नसते रे. चुकलेली नोंद तशीच ठेवायची, खाली उलटी नोंद टाकायची.” भावाचाही तोच आग्रह होता. प्रत्येक दुप्पट जमेसमोर तेवढीच नावे नोंद, सोबत मूळ भेटीचा क्रमांक आणि कारण. आकडा थेट बदलला असता तर महिन्याभराने कुणी विचारलं असतं, ‘माझी पाचशे नाणी कुठे गेली?’, तेव्हा कंपनीकडेच उत्तर नसतं.

हा एवढा काथ्याकूट खोट्या नाण्यांसाठी कशाला, असं मी विचारलं. २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली आहे. या गेममधली नाणी तर पैशांत बदलूनही मिळत नाहीत. भावाने दोन गोष्टी सांगितल्या. नाणी फुकटात वाढली की रोज खेळून गाडी मिळवणाऱ्याच्या मेहनतीची किंमत उतरते आणि तो खेळ सोडतो. ‘ईव्ह ऑनलाइन’ काढणाऱ्या आइसलँडच्या सीसीपी कंपनीने तर २००७मध्ये गेमच्या बाजारावर लक्ष ठेवायला अर्थतज्ज्ञ नेमला. दुसरी गोष्ट रुपयांची. गूगल प्लेवरच्या खरेदीची पोच गेमने तीन दिवसांत दिली नाही तर ग्राहकाचे पैसे आपोआप परत जातात. तिथे निरोप हरवला तर कंपनीची नाणीही गेली आणि पैसेही, दुहेरी आला तर नाणी दुप्पट. म्हणून भेटीतला बग मिटल्यावर त्याने तेच बंधन खरेदीच्या तक्त्यावर आहे का, ते आधी तपासलं.

भेटीचं बटण पुन्हा सुरू झालं त्या दिवशी खेळाडूंच्या खात्यात नवा भाग दिसू लागला: व्यवहारांची यादी. कुठून किती आली, कुठे किती गेली, आणि उलटी नोंद असेल तर तिचं कारण. हा भाग आधीही सर्व्हरवर होताच, फक्त खेळाडूंना दाखवत नव्हते. तक्रारी आल्याच, पण बहुतेकांत ‘तुम्ही चोर आहात’ नव्हतं. ‘ही अमुक भेट दोनदा आली होती का?’ असं होतं. अशा प्रश्नाला उत्तर देता येतं. गेमच्या कंपन्या नाण्यांचा आकडा मोठा, झळाळता आणि पडद्याच्या कोपऱ्यात सतत दिसेल असा ठेवतात आणि तो आकडा कसा झाला ते दडवून ठेवतात. बग सगळीकडेच येणार. वही उघडी ठेवली तर निदान त्याच्यावरून होणारं भांडण आकड्यांवर होतं, हेतूवर होत नाही.